शिवीला दंड, मोबाइलला सुटी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सौंदाळा ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंडाचा ठराव केला आणि त्याची बातमी देशभर गाजली. त्याच वेळी झालेला दुसरा निर्णय मात्र काहीसा झाकोळला गेला. सायंकाळी ७ ते ९ या अभ्यासाच्या वेळेत मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, असेही गावाने ठरविले होते. शहरी पालकांनी विचार करावा असा निर्णय खरे तर हाच आहे.

वयात येणाऱ्या मुलांना संयम नाही, ही तक्रार जुनीच. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत असतो. अशा वेळी पंधरा वर्षांच्या मुलाने केवळ मनोनिग्रहाच्या बळावर हातातील मोबाइल बाजूला ठेवावा, ही अपेक्षा कितपत रास्त? मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये लहान मुलांसमोर खाऊ ठेवून त्यांच्या संयमाची परीक्षा घेतली होती. ज्यांना थांबणे साधले, त्यांतील अनेकांनी खाऊवरून नजर वळविली, स्वतःशीच गाणी म्हटली. २०१८ मध्ये मोठ्या गटावर झालेल्या फेरतपासणीत घरची परिस्थिती विचारात घेताच या संयमाचा पुढील यशाशी असलेला संबंध बराच क्षीण झाला. संयमाचे श्रेय एकट्या मुलाला देता येत नाही, आणि दोषही.

सौंदाळ्याने मोहाची वस्तूच नजरेआड केली, तीही सर्व घरांतून एकाच वेळी. मित्र ऑनलाइन असताना एकट्याने दूर राहणे कठीण. कोणीच नसेल तर ते सुसह्य होते.

उणीव एवढीच की, शिवीचा दंड थोरांनाही आहे, मोबाइलची बंदी मात्र मुलांपुरतीच. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले, मोठ्यांचेही. शहरातील गृहसंकुलात भोंगा वाजणार नाही. परंतु एकाच वर्गातील मुलांच्या चार-पाच पालकांना अशी वेळ ठरविणे अशक्य नाही. ती मुलांना विचारून ठरविली, तर पाळली जाण्याची शक्यता अधिक. नऊनंतरचा हिशेब मात्र टप्प्याटप्प्याने मुलांच्याच हाती सोपवावा लागेल, आणि त्यात अधूनमधून होणारी चूक पालकांना सोसावी लागेल.