विश्लेषण : जपानी लष्करी तलवार किती जुनी, हे कसे ओळखतात?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांनी जपानी तलवारी विजयाची आठवण म्हणून मोठ्या संख्येने मायदेशी नेल्या. ती पिढी आता सरत आली आहे. त्यामुळे या तलवारी वारसांकडे आणि तिथून लिलावात, ऑनलाइन बाजारात येत आहेत. नवख्या संग्राहकापुढे पहिला प्रश्न असतो तो वयाचा. हातातली तलवार युद्धकाळात घाऊक बनवलेली आहे की चारशे वर्षांपूर्वीची? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

बाहेरून ओळख का पटत नाही?

जपानच्या मेइजी सरकारने १८७६ मध्ये लष्कर, पोलीस असे अपवाद वगळता तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली. लष्करात तेव्हा पाश्चात्त्य धर्तीची, बोटांच्या रक्षणासाठी मुठीला कमान असलेली तलवार रूढ झाली. पुढे राष्ट्रवादाचा जोर वाढला आणि १९३४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी जुन्या सामुराई तलवारीच्या घाटाची ‘टाइप ९४’ आली. जपानी शाही कालगणनेनुसार ते २५९४ वे वर्ष, म्हणून ९४. त्यानंतर १९३८ मध्ये ‘टाइप ९८’ आली.

अधिकाऱ्यांना तलवार स्वखर्चाने घ्यावी लागे. त्यामुळे काहींनी घराण्यातले जुने पातेच नव्या लष्करी मुठीत बसवून घेतले. म्हणजे मूठ, म्यान, परज यांवरून साजाचा काळ कळतो, गोंड्याच्या रंगावरून अधिकाऱ्याचा हुद्दा. पात्याचे वय यातल्या कशावरूनही ठरत नाही.

कनिष्ठ दर्जाच्या सैनिकांसाठीची १९३५ ची ‘टाइप ९५’ मात्र सहज ओळखता येते. तिचे पाते यंत्रावर बनवलेले असून त्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. मूठ धातूची, बहुधा रंगवलेल्या ॲल्युमिनियमची असते.

वय कुठे दडलेले असते?

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, त्याला जपानीत ‘नाकागो’ म्हणतात. अधिकाऱ्यांच्या तलवारीत तो बांबूच्या खुंटीने अडकवलेला असतो. खुंटी काढली की मूठ सुटते. नाकागोच्या एका बाजूला लोहाराचे नाव आणि दुसऱ्या बाजूला तारीख कोरलेली असू शकते. तारीख सम्राटाच्या कालखंडानुसार असते. ‘शोवा’ कालखंडातील वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळते. शोवा १७ म्हणजे १९४२.

नाकागोवर ‘शोवा’ किंवा गिफू प्रांतातील ‘सेकी’ या तलवारींच्या गावाचा छोटा शिक्का असेल, तर पाते युद्धकाळातले आणि बहुधा अपारंपरिक पद्धतीचे समजतात. अशा अनेक पात्यांना पाण्याऐवजी तेलात विझवून कडकपणा दिलेला असे. ताऱ्याचा शिक्का लष्कराच्या मान्यताप्राप्त लोहारांचा. ती पाती पारंपरिक पद्धतीची. टोक्योच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारातही १९३३ ते १९४५ या काळात जुन्या पद्धतीने सुमारे आठ हजार पाती घडवली गेली. म्हणजे युद्धकाळातले प्रत्येक पाते कारखान्यातले नसते.

फसगत कुठे होते?

प्रसिद्ध लोहारांची खोटी नावे कोरण्याची चाल शतकानुशतके जुनी आहे. उलट, जुनी लांब पाती अनेकदा मागून कापून आखूड केली गेली आणि त्यात खरी नावेही गेली. त्यामुळे नाव आहे म्हणून अस्सल आणि नाव नाही म्हणून सामान्य, असे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. शिवाय अलीकडच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत.

सर्वांत मोठे नुकसान मात्र स्वच्छतेच्या हौसेतून होते. नाकागोवरचा गंज हाच वयाचा पुरावा असतो. जुना गंज काळपट आणि घट्ट बसलेला, तर युद्धकाळातला तुलनेने उजळ. तो एकदा पॉलिश पेपरने घासला की तज्ज्ञालाही काळ सांगणे अवघड होते. पात्यालाही घरी धार लावू नये. हे काम वर्षानुवर्षे शिकलेल्या कारागिराचे असते.

वयावर एवढे काय अवलंबून आहे?

केवळ किंमत नव्हे. शरणागतीच्या वेळी काही तलवारींना मालकाचे नाव-पत्ता लिहिलेली लाकडी किंवा कापडी चिठ्ठी बांधलेली होती. आज काही वारसांना अशी तलवार मूळ कुटुंबाला परत करावीशी वाटते. मात्र जपानच्या १९५८ च्या कायद्यानुसार तलवार घरी ठेवण्यासाठी तिची नोंदणी लागते आणि ती पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या पात्यांनाच मिळते. कारखान्यातले पाते जपानला पाठवले, तर ते जप्त होऊन नष्ट केले जाण्याचीच शक्यता अधिक. म्हणून तलवार पाठवण्यापूर्वी, विकण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी नाकागोचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढून जाणकाराला दाखवावेत. म्यानाला जुनी चिठ्ठी असेल, तर ती सोडू नये.