पूररेषा आणि कास्तकाराचा दाद मागण्याचा हक्क

सरकारी नकाशात नदीकाठच्या रानांतून एक निळी व एक लाल रेषा जाते, हे आमच्या कित्येक कास्तकार बंधूंस घर बांधण्याची परवानगी मागावयास गेल्यावरच कळते. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळीच्या आतील पट्टा निषिद्ध, दोहोंमधील निर्बंधित. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून हा क्रम चालत आला आहे.

रेषाच नको म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. सांगलीस आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांवर गेली. ब्रह्मनाळास नाव उलटून माणसे बुडाली. आमची तक्रार निराळी आहे. रेषा कोणत्या मोजणीवरून आखली, हे विचारण्यास कास्तकारास सरळ वाट नाही.

पात्राचे छेद कोणत्या साली घेतले, वरच्या धरणाचा विसर्ग किती धरला, पुलाच्या भरावामागे पाणी किती तुंबते हे हिशेबात आले की नाही, यावर रेषा कोणाच्या शेतातून जाईल ते ठरते. सपाट काळ्या रानात पाणी हातभर चढले तर आडवे किती पसरते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. शहरालगत कोणी ओढ्याकाठी मुरूम टाकून प्लॉट उंच केला, की त्याची जागा कोरडी आणि पलीकडच्या उसात पाणी! नकाशा मात्र जुनाच.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत १९६८ पासून पूरविम्याचा कायदा आहे. तेथे नव्या नकाशातील पुराची पातळी स्थानिक वर्तमानपत्रात दोनदा छापावी लागते, आणि दुसऱ्या प्रसिद्धीपासून ९० दिवसांत मालकच काय, खंडकरीही हरकत घेऊ शकतो. हरकतीस कारण एकच चालते: शास्त्र अथवा गणित चुकले आहे. जमिनीचा भाव उतरेल, हे गाऱ्हाणे ऐकत नाहीत. आणि ते योग्यच होय. निर्णय न पटल्यास ६० दिवसांत संघराज्याच्या न्यायालयात जाता येते. पूरसंरक्षक बांधांच्या वर्गवारीवरही तेथे असाच तंटा झाला. मान्यता नसलेला बांध, तो समोर उभा असला तरी, नकाशा करताना नाहीच असे धरीत. यावर इतका गवगवा झाला की २०१३ साली ती रीत सोडावी लागली.

आमच्याकडे केंद्र सरकारने १९७५ सालीच पूरक्षेत्राच्या कायद्याचा नमुना राज्यांकडे धाडला. मणिपूरने १९७८ साली व राजस्थानने १९९० साली कायदा केला. महाराष्ट्राचा कारभार परिपत्रकांवर चालला आहे. मग उरतो उच्च न्यायालयातील रिट अर्ज. तेथे अधिकाऱ्याने अधिकार ओलांडला काय हे पाहतात. नदीच्या छेदांचे गणित तपासण्याच्या भरीस न्यायमूर्ती सहसा पडत नाहीत. शिवाय दोन एकरांच्या धन्यास तो खर्च झेपावा कसा?

यास्तव राज्याने कायदाच करावा. गट क्रमांकांसह रेषा व तिच्यामागील आकडे चावडीत लावावेत, हरकतींस तीन महिने द्यावेत, आणि त्यांची तपासणी खात्याबाहेरील तज्ज्ञांकडे सोपवावी. तोवर २०१९ व २०२१ च्या पुराच्या ज्या खुणा गावोगाव भिंतींवर उरल्या आहेत, त्या रंगसफेदीखाली जाण्यापूर्वी ग्रामपंचायतींनी उंची मोजून दप्तरी नोंदवाव्यात.