विलर्डच्या ५,७७६ कबरी

प्रति,
आयुक्त, मानसिक आरोग्य कार्यालय,
न्यूयॉर्क राज्य, ऑल्बनी

विषय : विलर्ड दफनभूमीतील रुग्णांची नावे खुली करण्याबाबत

सेनेका सरोवराच्या काठचे विलर्ड मनोरुग्णालय १८६९ साली सुरू झाले आणि १९९५ साली बंद पडले. सव्वाशे वर्षांत पन्नास हजारांहून अधिक रुग्ण तेथे दाखल झाले. त्यांतले जवळजवळ निम्मे तेथेच वारले. ज्यांचे शव न्यायला कोणी आले नाही त्यांना रुग्णालयाच्या दफनभूमीत मूठमाती मिळाली. अशा कबरी ५,७७६ आहेत. कबरीवर नाव नसे, नुसता क्रमांक असलेली लहानशी लोखंडी खूण असे. पुढे गवत कापायच्या यंत्राला अडचण नको म्हणून बहुतेक खुणाही काढून टाकण्यात आल्या.

त्याच दफनभूमीत अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या रुग्णांच्या थडग्यांवर मात्र नावाचे दगड आहेत. तेही विलर्डचेच रुग्ण होते. सैनिक म्हणून त्यांचे नाव दगडावर चालले. धुणे धुणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या रुग्णाचे चालले नाही. नावे न देण्यासाठी कार्यालय गोपनीयतेचा मुद्दा पुढे करते, तेव्हा हा भेद कसा नजरेआड होतो, हे कळणे कठीण आहे.

कबरी खोदणाराही रुग्णच होता. दफनभूमीतल्या एका खोपटात राहून त्याने दीड हजारांहून अधिक खड्डे खणले. १९६८ साली, नव्वदीच्या घरात, तो वारला आणि आपण इतरांसाठी खणले तसल्याच बिननावाच्या कबरीत गेला. त्याचे नाव फलकावर यावे म्हणून स्थानिक मंडळींना कित्येक वर्षे खेटे घालावे लागले. नातेवाइकांचा शोध लागला, त्यांची संमती मिळाली, तेव्हा कुठे २०१५ साली फलक लागला. एका नावाला एवढा खटाटोप लागत असेल, तर उरलेल्या हजारो नावांचे काय होणार हे उघडच आहे. बहुतेकांचे नातेवाईक कोण, हे ठाऊक व्हायलाही आधी नावच जाहीर व्हावे लागते.

रुग्णालय बंद होताना माळ्यावर सुमारे चारशे सुटकेसेस सापडल्या. दाखल होताना रुग्णांनी आणलेले कपडे, पत्रे, छायाचित्रे त्यांत जशीच्या तशी होती. त्या राज्य वस्तुसंग्रहालयाने जपल्या, २००४ साली त्यांचे प्रदर्शन भरले आणि ते बघायला लोकांनी गर्दी केली. छायाचित्रकार जॉन क्रिस्पिन यांनी त्या सुटकेसेस टिपल्या, पण मालकांची आडनावे झाकून. सामान लोकांसमोर मांडता येते, मग ज्याचे सामान त्याचे नाव का मांडता येत नाही?

कार्यालयाने आजवर वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्यावर बोट ठेवले. पण २०१३ साली केंद्रीय नियम बदलला : मृत्यूला ५० वर्षे उलटल्यावर त्या व्यक्तीच्या आरोग्यविषयक माहितीला त्या नियमाचे संरक्षण उरत नाही. राज्याचा स्वतःचा कायदा आड येत असेल, तर तो बदलणे राज्याच्याच हाती आहे. ओरेगॉनने हेच केले. तेथील मनोरुग्णालयात सुमारे साडेतीन हजार रुग्णांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत बेवारस पडून होत्या. २००४च्या सुमारास त्या उजेडात आल्या, कायदा दुरुस्त झाला, यादी जाहीर झाली आणि २०१४ साली स्मारक उभे राहिले. यादी वाचून शेकडो कुटुंबांनी आपल्या माणसांच्या अस्थी नेल्या. मिनेसोटात अशाच कबरींवर क्रमांकांच्या जागी नावाचे दगड बसवण्याचे काम १९९४पासून चालले आहे, आणि २०१० साली राज्याने माफीही मागितली.

कोणा कुटुंबाला आपले आडनाव या यादीत नको वाटेल, हा आक्षेप खरा आहे. वेडाचा कलंक अजून पुसलेला नाही. परंतु मागणी आजाराची नोंद उघड करण्याची नाही. नाव, जन्मवर्ष, मृत्युवर्ष आणि कबरीचा क्रमांक एवढेच पुरे. निदान आणि उपचारांचे कागद बंदच राहावेत. एखाद्या कुटुंबाने हरकत घेतली, तर तेवढे एक नाव वगळता येईल. आज उलटे चालले आहे : संमती न आल्यामुळे सगळीच नावे अडली आहेत.

क्रमांक आणि नाव यांची सांगड घालणाऱ्या दफन-नोंदी सरकारी ताब्यात आहेत. ५० वर्षांपूर्वी वारलेल्यांची यादी आधी खुली करावी, आणि कबरींवर नावांचे दगड जमिनीशी सपाट बसवावेत, म्हणजे गवत कापणाऱ्यांचीही अडचण होणार नाही.