तीस बाय चाळीसच्या घराचा ऊर्जा-दाखला

बेंगळुरूत घर विकायचे असेल तर ई-खात्याचा उतारा लागतो, बोजा नसल्याचा दाखला लागतो. इमारत नवी असेल तर भोगवटा प्रमाणपत्रही लागते. एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरची खोली किती तापते आणि ती राहण्याजोगी ठेवायला वर्षाकाठी किती वीज जळते, याविषयी यांतला एकही कागद अवाक्षर काढत नाही. घर घेणारा फरशी निरखतो, नळ सोडून पाहतो आणि आयुष्यभराच्या विजेच्या खर्चावर न पाहताच सही करतो.

युरोपात ही माहिती दडवता येत नाही. युरोपीय संघाने २००२ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार घर बांधताना, विकताना आणि भाड्याने देताना ऊर्जा कार्यक्षमता प्रमाणपत्र दाखवणे मालकावर बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये ते ‘ए’ ते ‘जी’ अशा श्रेणींत मिळते आणि दहा वर्षे चालते. एप्रिल २०१८ पासून इंग्लंड व वेल्समध्ये ‘ई’च्या खालचे घर, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देता येत नाही. या व्यवस्थेचे मर्म श्रेणीपेक्षा ती दाखवण्याच्या वेळेत आहे: व्यवहार होण्याआधी, म्हणजे माहितीला किंमत असते तेव्हा.

भारताने वेगळी वाट धरली. येथे नियम आहेत, पण ते आराखडा मंजूर होण्याच्या टप्प्यावर आणि मोठ्या इमारतींपुरते. २००७ मध्ये आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॉट वा त्याहून अधिक जोडभार असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. तिची मर्यादा ५०० चौरस मीटरच्या भूखंडापासून सुरू होते. बेंगळुरूतील मध्यमवर्गीय घराचे ठरीव माप मात्र ‘तीस बाय चाळीस’, म्हणजे १,२०० चौरस फूट, साधारण १११ चौरस मीटर. या मापाच्या भूखंडांनी शहराच्या वस्त्याच्या वस्त्या भरल्या आहेत आणि त्या दोन्ही संहितांच्या जाळीतून अलगद निसटतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन आहे, पण ते ऐच्छिक आहे. एक तारा मिळण्याची भीती असलेला मालक अर्ज करील कशाला?

इको निवास संहितेतले विज्ञान खरे तर विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. उष्णता घरात तीन वाटांनी शिरते: भिंतीतून, काचेतून वहनाने, आणि काचेतून थेट येणाऱ्या सूर्यकिरणांनी. या तिन्हींची बेरीज बाह्य कवचाच्या क्षेत्रफळाने भागली की जो आकडा मिळतो, तो थंड हवामानाचे प्रदेश सोडून इतरत्र दर चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. छताचा हिशेब वेगळा. त्याची उष्णता-पारगम्यता १.२ पेक्षा जास्त नसावी; उघड्या काँक्रीट स्लॅबची ती दुपटीहूनही अधिक असते. बेंगळुरू ज्या समशीतोष्ण विभागात मोडते, तेथे उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के हवे. दोन सरकत्या तावदानांची खिडकी निम्मीच उघडते, म्हणून ती निम्मीच मोजली जाते. हल्लीच्या बांधकामांत हीच खिडकी सर्रास दिसते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात एकेकाळी पंखाही चैन वाटे. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे पारा ३९.२ अंशांवर गेला. तरीही मूळ हवामान एवढे अनुकूल आहे की नीट बांधलेल्या इमारतीला यंत्राची गरज थोडीच पडावी. डोमलूरमधील टेरी संस्थेची इमारत याचा नमुना आहे. तिच्या दक्षिणेला दुर्गंधीचा नाला. म्हणून ती बाजू बंद ठेवून तिच्यावर काळा कडप्पा बसवला. उन्हाने तो दगड तापतो, त्यामागच्या पोकळीतली हवा वर चढते आणि उत्तरेकडची थंड हवा खोल्यांतून ओढली जाते. काळ्या दगडाने इमारत गार ठेवावी, हे ऐकायला विचित्र वाटते खरे.

याउलट भाड्याच्या घराला पश्चिमेकडे बिनछज्जाची काच लावणारा मालक वेगळा आणि वातानुकूलकाचे बिल भरणारा भाडेकरू वेगळा. ज्याच्या हाती उपाय आहे त्याला झळ नाही, आणि ज्याला झळ आहे त्याच्या हाती उपाय नाही.

मग मीटरचेच आकडे जाहीर करावेत काय? तेवढ्याने भागणार नाही. ज्या घरात वातानुकूलक परवडत नाही तेथे वीज कमीच जळते. तो आकडा घराचा गुण नसून घरातल्यांच्या सोशिकपणाचा असतो. नुसते गणितही फसवते. जर्मन घरांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात मिन्ना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांना प्रत्यक्ष वापर गणिती अंदाजापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी कमी आढळला होता. म्हणून दाखल्यावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेत: कवचातून शिरणाऱ्या उष्णतेचा आणि मीटरवरच्या वार्षिक वापराचा. दुसऱ्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. गृहज्योती योजनेसाठी कर्नाटकातील वीज कंपन्यांनी २०२२-२३ मधील प्रत्येक घरगुती ग्राहकाची मासिक सरासरी काढलीच आहे. (त्याच योजनेने मर्यादेतली युनिटे मोफत करून अनेक घरांतले बिलाचे कुतूहलही संपवले, हा भाग निराळा.)

हा दाखला वीजजोडणीची अट मात्र होऊ नये. नव्या घरांच्या जोडणीला सौर जलतापकाची अट घातल्यामुळे बेंगळुरूच्या गच्च्यांवर ते पसरले, हे खरे. पण तापक विकत आणून बसवता येतो, बांधून झालेल्या भिंतीची दिशा बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ मधील निकालानंतर भोगवटा प्रमाणपत्रावाचून असंख्य घरांची जोडणी अडली आणि अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारला १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान घरांना सूट द्यावी लागली. ऊर्जेच्या दाखल्याने तीच कोंडी पुन्हा करू नये. तो खरेदीखताला जोडावा, श्रेणी वाईट असली तरी व्यवहार थांबू नये. भाव काय करायचा ते घेणारा पाहील. अकरा महिन्यांच्या, नोंदणी न होणाऱ्या भाडेकरारांवर सक्ती चालणार नाही. तेथे दाखला मागण्याचा हक्क भाडेकरूला द्यावा.

ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार जोडभाराची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. हिशेबाला लागणारे भिंतींचे साहित्य, खिडक्यांची मापे आणि दिशा हे सारे मंजुरीसाठी दिल्या जाणाऱ्या नकाशावर बहुतांशी असतेच.