पेटीतलं बाळ, व्हरांड्यातली आई आणि आपली चळवळ



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात कार्यकर्त्यांची बैठक झाली. पुढच्या वर्षभराचं नियोजन होतं. स्पर्धा परीक्षेचा वर्ग झाला, शिष्यवृत्तीचे अर्ज झाले, अ‍ॅट्रॉसिटीच्या दोन केसेसचा पाठपुरावा कोण करणार ते ठरलं. मग मी विषय काढला. सरकारी दवाखान्यात ज्यांचं बाळ पेटीत ठेवलेलं असतं, त्या आयांसाठी एक गट उभा करूया. दूध कसं काढायचं, कसं टिकवायचं, बाळ अंगावर कसं घ्यायचं, हे त्यांना शिकवायला अशाच प्रसंगातून गेलेल्या बाया तयार करूया. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा विषय महिला मंडळाकडे द्या ना."

तो वाईट मुलगा नाही. रात्री दोन वाजता फोन केला तरी पोलीस स्टेशनला हजर होणारा आहे. म्हणूनच त्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी माझं सांगते. माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, सीझरने. वजन एक किलो चारशे ग्रॅम. तालुक्याच्या दवाखान्यातून आम्हाला शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं होतं. मुलगी आत, काचेच्या दारापलीकडे. मी बाहेर. तिसऱ्या दिवशी सिस्टरने विचारलं, "दूध किती निघालं?" मी रिकामी वाटी दाखवली. "मग डबा आणा," ती म्हणाली आणि चिठ्ठी हातात ठेवली. तिच्यावर राग नाही. एका शिफ्टमध्ये किती बाळांना ती पाहत होती ते मी रोज बघत होते. पण त्या चिठ्ठीचा अर्थ मला असा लागला की तू आई म्हणून नापास झालीस. समाजशास्त्रात एम.ए. केलेली बाई मी. संरचना, शोषण, पितृसत्ता या शब्दांवर तासभर बोलू शकते. स्वतःच्या अंगातून चीक कसा काढायचा ते मला येत नव्हतं.

ते शिकवलं ऊसतोड करणाऱ्या एका बाईने. तांड्यावरची, वयाने माझ्यापेक्षा लहान, तिसरं बाळंतपण. तिचं बाळ एकोणीस दिवसांपासून आत होतं आणि त्याआधीचंही पेटीत राहून आलेलं होतं. मी जिन्याखाली पदर धरून रडत बसले होते. ती शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "ताई, अशी ओढू नका. आधी मागं छातीकडं दाबायचं, मंग दोन बोटांत धरायचं, मंग सोडायचं. बोट घसरू द्यायचं नाही." हात धुवायला लावले, वाटी उकळून आणायला लावली. पहिल्यांदा जेमतेम अर्धा चमचा निघालं. पिवळं, घट्ट. मला वाटलं, एवढ्याशाने काय होणार. ती म्हणाली, "हेच लागतंय त्याला. जा, देऊन या." मुलीच्या नळीतून ते आत गेलं.

आता यातलं शास्त्र थोडं समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला बहुतेक वेळा चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसवता येत नाही. म्हणून आधी नळी, मग वाटी-चमचा किंवा आपल्या आजीच्या काळातलं बोंडलं, आणि शेवटी अंगावर, असा प्रवास असतो. तो काही आठवड्यांचा असू शकतो. तेवढे दिवस बाळ ओढत नसताना दूध टिकवायचं असेल, तर ते हाताने किंवा पंपाने काढत राहावं लागतं. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच सुरुवात करावी लागते. त्यानंतर चोवीस तासांत किमान आठ वेळा, त्यातही रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. स्तन रिकामे झाले नाहीत तर शरीराला वाटतं की दुधाची गरज उरलेली नाही. आणि दूध वाहतं करणारं जे दुसरं संप्रेरक आहे, ते भीतीने, दुखण्याने, अपमानाने अडतं. "दूध येत नाही" असं जिला सुनावलं जातं, तिचं दूध त्या सुनावण्यानेही आटत असतं. उलट बाळाचं टोपडं हातात घेतलं, त्याला उराशी धरायला मिळालं, तर पान्हा फुटायला मदत होते. कमी दिवसांच्या बाळांना आतड्याचा एक जीवघेणा आजार होतो. आईच्या दुधावरच्या बाळांना तो डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी होतो.

म्हणजे हे काम आहे. आठ वेळा, दर वेळी अर्धा तास धरला तर दिवसाचे चार तास. वाट्या धुणं, उकळणं, दूध आत नेऊन देणं वेगळंच. हे सगळं टाके ओले असताना, पुरुष नातेवाईक झोपलेल्या व्हरांड्यात, साडीचा आडोसा करून. ज्या आयांकडे खाजगी खोली, विजेवरचा पंप आणि घरून आलेला डबा आहे, त्यांनाही हे सोपं नसतं. पण व्हरांड्यात कोण असतं ते आपल्याला माहीत आहे. मजूर, वीटभट्टीवरच्या, पारधी, भिल्ल, मुसलमान, मातंग, आपल्या बौद्ध वस्तीतल्या. म्हणून माझ्या तरुण मित्राला माझा पहिला प्रश्न हा आहे : वस्तीतली पोरं पोलीस स्टेशनात अडकली की तो चळवळीचा विषय होतो, आणि वस्तीतलं पोर काचेपलीकडे अडकलं की तो महिला मंडळाचा कसा?

बाबासाहेबांनी तो तसा मानला नव्हता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांसाठीच्या प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा झाला. आपण हा दाखला महिला दिनाच्या भाषणात देतो आणि टाळ्या घेतो. पण २०१७ च्या दुरुस्तीने दिलेली सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कुणाला मिळते? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत नोंद असलेल्या बाईला. ज्या बाईने मला शिकवलं, तिच्या नवऱ्याने मुकादमाकडून जोडीवर उचल घेतलेली. एक कोयता म्हणजे दोघं. ती फडात उभी राहिली नाही तर ते दिवस अंगावर बसतात. कसली रजा आणि कुठली आस्थापना.

खाण्याचंच बघा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात आईला मोफत आहार आहे, सामान्य प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सीझरनंतर सात दिवस. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. पण बाळ तिसाव्या दिवशीही आत असेल तर आईने आठव्या दिवसापासून काय खायचं? आम्ही व्हरांड्यात भाकऱ्या वाटून घेत होतो. मी त्या बाईच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि तिने माझ्या सासूबाईंची डाळ. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

विचारणारे होतेच म्हणा. एका बाळासाठी रुग्णालयाच्या दुग्धपेढीतून दूध द्यायचं ठरलं, तर त्याच्या आजीने सिस्टरला विचारलं, "कोणाचं दूध आहे?" कोणाचं म्हणजे कोणत्या जातीचं. मला हसू आलं आणि संतापही. दुग्धपेढीत अनेक आयांचं दूध एकत्र होतं, साडेबासष्ट अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवलं जातं, तपासलं जातं, गोठवून ठेवलं जातं. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अशी पेढी १९८९ मध्ये सुरू केली, आशियातली पहिली. पण मला जास्त टोचलं ते पुढचं. आमच्याच नात्यातली एक बाई भेटायला आली होती, तिनेही दबक्या आवाजात तेच विचारलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली. मी तिला म्हटलं, "आत्या, सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला महाप्रजापतीने वाढवलं. ज्याला सरण जातो तो दुसऱ्या बाईच्या दुधावर वाढला, आणि तुम्ही काय विचारताय?" ती गप्प झाली. पटलं की नाही, माहीत नाही.

आता दुसरा मुद्दा. हे काम डॉक्टर-नर्सचं आहे, अडाणी बायांच्या हाती कसं देता, असं कुणी म्हणेल. ज्ञान कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आईला आत घेण्याबद्दलही पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात मिळून एक अभ्यास केला. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळं जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीवर ठेवली, त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच लावली. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू पंधरा पूर्णांक सात टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर आले. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग, सरकारी रुग्णालय. आपल्या केंद्र सरकारने तर २०१७ मध्येच नवजात कक्षात आईवडिलांना सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत : हात धुवा, गाऊन घाला, आत या, शिका. सूचना कागदावर आहेत. मी चोवीस दिवस काचेबाहेर होते, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं सोडून.

आणि वडिलांनाही, बरं का. बाळ उराशी धरायला स्तन लागत नाहीत.

तिसरा मुद्दा मात्र मला स्वतःला चुकलेला मान्य करायचा आहे. बैठकीत मी म्हणाले होते की या सोबतिणी सेवाभावाने काम करतील. मागच्या रांगेत एक आशाताई बसल्या होत्या. त्या उठल्या. "सेवाभाव आम्ही पंधरा वर्षं करतोय. आझाद मैदानात जाऊन बसलो तेव्हा कुठं मोबदला वाढला. आता अजून बाया फुकट राबवायला आणताय का?" मला उत्तर नव्हतं. बायांच्या कामाला माया म्हणायचं आणि पैसे द्यायचे नाहीत, ही पद्धत मी वर्गात शिकवते आणि स्वतः तेच करत होते. त्यातून जातीचं गणितही सुटत नाही. फुकट राबणारी बाई कोणत्या वस्तीतून येणार, ते आधीच ठरलेलं असतं.

तेव्हा मागणी दुरुस्त करते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाशी, त्यातून गेलेल्या दोन तरी आया सोबतिणी म्हणून जोडाव्यात. त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळावं, ओळखपत्र मिळावं आणि दिवसाचे ठरलेले पैसे मिळावेत. दूध काढायला दार लागणारी एक खोली हवी. बाळ आत आहे तोवर आईला जेवण हवं. आणि जिला एवढं करूनही दूध आलं नाही, तिला कुणी दोष देता कामा नये. अशा आया असतात, त्यांच्या बाळासाठी पेढीतलं दूध आणि खरंच गरज पडली तर डबा, यात काहीही लाजिरवाणं नाही. १९९२ चा कायदा डबेवाल्या कंपन्यांच्या जाहिरातीला आणि फुकट नमुन्यांना बंदी घालतो, आईला शरमिंदं करा असं तो कुठेही म्हणत नाही.

यात माझ्या तरुण मित्राला भरपूर काम आहे. जिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे निधी असतो, तो कशावर खर्च झाला हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. २०१७ च्या सूचनांप्रमाणे किती आईवडिलांना आत घेऊन प्रशिक्षण दिलं, तेही विचारता येतं. त्याला अर्ज चांगले लिहिता येतात. त्याने पहिला अर्ज मागच्या सोमवारी दिला, पोचपावतीचा फोटो मला पाठवला.

सोबतिणींच्या यादीत पहिलं नाव मला ज्या बाईने शिकवलं तिचं घालायचं होतं. नंबर होता. फोन लावला तर मागे ट्रॅक्टरचा आवाज. ती फडात होती, तिचं ते बाळ कोपीत मोठ्या बहिणीकडे. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, रोजचे किती देणार? पट्टा पडला की गावाकडं येते. तोवर पक्कं सांगा, मंग मालकाला यंदाची उचल घेऊ नका म्हणते."

तिला द्यायला माझ्याकडे अजून आकडा नाही. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.