गोळ्या आणि चिवडा

परभणीची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा कधीकधी पाच-सहा अंशांवर येतो आणि सारे गाव कानटोप्यांत शिरते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी वर्गात जनाबाई शिकवीत होते. जनाबाई आमच्या गंगाखेडची. तिच्याविषयी बोलताना मला मुळातच चेव येतो. पण त्या दिवशी छातीतून एक लाट उठली, मान, कान, कपाळ पेटले आणि अंगावरची शाल भिरकावून मी ओरडले, "अगं, पंखा लावा कुणीतरी!" पुढच्या बाकावरच्या मुली स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून माझ्याकडे पाहतच राहिल्या.

माझे वय तेव्हा सत्तेचाळीस. पाळी जाऊन वर्ष उलटले होते. रात्री तीनदा उठून पोलके बदलायचे आणि सकाळी यजमानांवर खेकसायचे, असा क्रम चालला होता. सासूबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "आम्हाला नाही बाई असले काही झाले!" झाले असेलच, पण त्या काळी घरात चूल पेटलेली असे, तेव्हा घाम कशाचा हे कोण विचारतो?

डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्यांचे नाव काढताच मी दचकले. त्यांनी कर्करोग होतो, हे ऐकून होते. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडले. ही भीती बहुतांशी २००२ सालची, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेत सोळा हजारांवर स्त्रियांना दोन हार्मोनांची गोळी देऊन पाहत होते. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या आणि तो प्रयोग मध्येच थांबवला. पण त्या बायकांचे सरासरी वय त्रेसष्ट! आणि वाढ किती? दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त. "धोका नाही असे मी म्हणत नाही, मॅडम. तुमच्या वयात, पाळी जाऊन थोडाच काळ झालेला असताना आणि त्रास इतका असताना बहुतेकींना फायदा अधिक. पण बहुतेकींत तुम्ही आहात की नाही, ते मला पाहू द्या."

मग प्रश्नांची फैर झडली. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती? आई-बहिणींत स्तनाचा कर्करोग? यकृताचे दुखणे? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले का? दुसरी कोणती औषधे चालू? पिशवी आहे की काढली? रक्तदाब पाहिला, मॅमोग्राफी करवून घेतली आणि नंतरच चिठ्ठी लिहिली. गोळ्या दोन. एक इस्ट्रोजेनची, पण पिशवी असताना ती एकटी घेतली तर आतले अस्तर वाढते आणि तिथे कर्करोग होऊ शकतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन, तेही झोपताना, कारण त्याने गुंगी येते. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. रक्त दिसले, पोटरी सुजून दुखली, छातीत दुखले, धाप लागली, तर ताबडतोब यायचे.

महिन्या-दीड महिन्यात मी माणसांत आले. आणि माणूस माणसांत आला की परोपकार सुचतो.

गेल्या भाऊबीजेला वन्सं सेलूहून आल्या. चकल्या तळताना त्यांनी पदराने वारा घेतला आणि मला सारे उमगले. जाताना मी चिवड्याच्या पुड्याबरोबर दहा गोळ्या कागदात बांधून दिल्या. लोणचे द्यावे तशा!

तिसऱ्या दिवशी माझी फेरतपासणी होती. शिल्लक गोळ्या पाहून डॉक्टरीणबाईंनी हिशेब केला आणि विचारले, "दहा कुठे गेल्या?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. "त्यांना विचारलंत, कधी पाय सुजला होता का म्हणून?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. धाकट्याच्या बाळंतपणानंतर वन्संचा डावा पाय सुजून खांबासारखा झाला होता, सहा महिने रक्त पातळ करायचे औषध चालू होते. मीच डबे पोचवले होते! दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. "वन्सं, त्या गोळ्या..."

"अगं, देवापाशी ठेवल्यात. येत्या गुरुवारपासून सुरू करीन म्हटलं."

मी पायरीवरच बसले.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी ही हकिकत ऐकली आणि म्हणाल्या, "मला तर हे तिसाव्या वर्षीच झालं." ऊसतोडीला जात असताना त्यांची पिशवी काढली होती, अंडाशयेही काढली का, ते त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा होता ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांत १३,८६१ शस्त्रक्रियांचा. अंडाशये गेली की पाळी जाण्याचे वय एका रात्रीत येते आणि हाडे झिजू लागतात. अशा तरुण बाईला हे औषध माझ्याहून अधिक गरजेचे असते, आणि तिला कुणी नावही सांगत नाही. ह्यावेळी मी गोळ्या दिल्या नाहीत. जुने कागद घेऊन तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

वन्संनाही नेले. त्यांना हार्मोन वर्ज्य ठरले; दुसरी, बिनहार्मोनची गोळी मिळाली. तीही त्यांनी गुरुवारीच सुरू केली.