शाळा दाखवताना

ऑक्टोबर उजाडला की इंग्लंडमध्ये शाळा बघण्याचे दिवस सुरू होतात. पुढच्या सप्टेंबरात ज्यांची मुलं 'रिसेप्शन'ला (आपल्याकडचा सिनियर केजी समजा) जायची असतात, ते आईबाप सकाळी दहाच्या सुमारास शाळांच्या फाटकाशी जमतात. कुणाकडे बाबागाडी, कुणाच्या हातात प्रश्नांची यादी. स्थळ बघायला जावं तसं सगळं. फरक एवढाच की इथे नकार द्यायचा अधिकार एकाच बाजूला आहे, आणि ती बाजू शाळेची नव्हे. मला आज जे लिहायचंय ते याच फरकाबद्दल.

मी आमच्या भागातल्या कम्युनिटी प्रायमरी शाळेच्या गव्हर्नर मंडळावर पालक प्रतिनिधी आहे, त्यामुळे दर वर्षी दोन-चार सकाळी येणाऱ्या मंडळींना शाळा दाखवायचं काम माझ्याकडे येतं. आवडीचं काम आहे. पण यंदा माझी मावसबहीण पुण्याहून इकडे यायच्या तयारीत आहे, तिचा मुलगा चार वर्षांचा, आणि गेला महिनाभर तिचे फोन चालू आहेत. "ताई, सरकारी शाळा ना गं ती? फी नाही म्हणजे कशी असेल?" तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. बाकीच्या नातेवाइकांच्याही कामी येईल.

तर आधी नावाचं. 'कम्युनिटी स्कूल' हे काही मायेने दिलेलं नाव नाही, तो कायद्यातला शब्द आहे. १९९८ च्या कायद्याने जुन्या 'काउंटी' शाळांना हे नाव मिळालं. अर्थ साधा : शिक्षक कौन्सिलच्या नोकरीत, जमीन बहुधा कौन्सिलची, आणि प्रवेश कुणाला द्यायचा हे ठरवणारंही कौन्सिलच. मुख्याध्यापक नव्हेत. चर्चच्या शाळा वेगळ्या, अकॅडमी वेगळ्या. त्यांनाही सरकारच पैसे देतं, पण प्रवेशाचे निकष त्यांचे ते ठरवतात (अर्थात देशाच्या प्रवेश-नियमावलीच्या चौकटीत राहूनच).

या नियमावलीतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे काय काय करायचं नाही त्याची यादी. मुलाची मुलाखत घ्यायची नाही. आईवडिलांची घ्यायची नाही. त्यांचं शिक्षण, नोकरी, पगार बघून प्रवेश ठरवायचा नाही. देणगी मागायची नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर क्रम आधीच छापून जाहीर केलेला असतो. ज्या मुलांच्या विशेष गरजांच्या अधिकृत आराखड्यात त्या शाळेचं नाव लिहिलेलं आहे, त्यांना जागा द्यावीच लागते. मग ज्यांचा सांभाळ सध्या कौन्सिल करतं किंवा पूर्वी करत होतं, अशी मुलं. त्यानंतर बहुतेक ठिकाणी आधीपासून शाळेत असलेल्यांची भावंडं, आणि मग घरापासूनचं अंतर.

हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थोडा वेळ नुसती बघत बसले होते. ज्या मुलाच्या मागे कुणी धावपळ करणारं नाही, ज्याच्यासाठी कुणी प्रश्नांची यादी घेऊन फाटकाशी उभं राहणार नाही, ते मूल रांगेत माझ्या मुलाच्या पुढे. आणि ते कुणाची मेहेरबानी म्हणून नाही, तर नियम म्हणून.

शाळेच्या प्रत्येक पत्रावर 'पेरेंट्स अँड केअरर्स' असं लिहिलेलं असतं, ते यासाठीच. शाळेत मुलाला सोडायला येणारं माणूस आईच असेल असं नाही. आजी असेल, थोरला भाऊ असेल, किंवा तीन महिन्यांपूर्वी ज्यांच्या घरी ते मूल राहायला आलं ते पाळक जोडपं असेल. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द जोडावे लागले. आपला 'पालक' हा शब्द मुळातच किती ऐसपैस आहे बघा. त्यात जन्म देण्याचा संबंधच नाही, पालन करतो तो पालक. हा शब्द आपल्याकडे आयता आहे. पण आपण तो वापरतो मात्र फक्त 'आईवडील' याच अर्थाने, आणि शाळेच्या अर्जात दोघांची पदवी विचारतो!

आता कुणी म्हणेल, भारतातही मुलाखतीला बंदी आहेच की. आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ देणगीलाही मना करतं आणि मुलाखतीसारख्या चाळणीलाही. पण तरीही पुण्यात माझ्या ओळखीतल्या दोन घरांत नवरा-बायकोला 'सहज गप्पा मारायला' शाळेने बोलावलं होतं, आणि दोघंही इस्त्रीचे कपडे घालून गेले होते. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट देऊन टाकली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या सगळ्या वादात गरिबांच्या मुलांनी कुठे जावं यावर सगळे बोलत होते. आपलं मूल त्या एक किलोमीटरच्या आतल्या शाळेत घालू असं म्हणणारं मला तरी कुणी भेटलं नाही. असो.

बहिणीची भीती मी समजू शकते. आपल्या मनात 'जी शाळा निवडून घेते ती चांगली' हे इतकं घट्ट बसलंय, की जी शाळा कुणालाही घेते ती आपोआप वाईट ठरते. माझं मत नेमकं उलट आहे. ज्या शाळेला मुलं निवडता येत नाहीत, तिला शिकवावंच लागतं. आमच्या रिसेप्शनच्या वर्गात सप्टेंबरमध्ये एखादं मूल पुस्तक वाचत येतं, एखाद्याला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही, एखाद्याला अजून स्वतःचा कोट घालता येत नाही. (इंग्लंडमध्ये साधारण पाचातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आहे, त्यामुळे तुमचं मूल मराठी बोलत आलं तर कुणाला नवल वाटत नाही.) हे सगळं एका वर्गात घेऊन बसणारी बाई कशी शिकवते, ते बघण्यासारखं असतं. आधीच चाळून आणलेली तीस मुलं पुढे नेण्यात कौतुक कसलं?

आणि तीसच हं. रिसेप्शन, पहिली, दुसरी या वर्गांत एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुलं घ्यायला कायद्याने बंदी आहे, मोजके अपवाद सोडून. म्हणूनच या वर्गांच्या प्रवेशावरची अपिलं सहसा फेटाळली जातात. "जरा एक जास्तीचा घ्या ना" हे इथे चालत नाही.

आपली मंडळी इथे आली की पहिल्याच आठवड्यात ऑफस्टेडचे शेरे पाठ करतात. ऑफस्टेड म्हणजे शाळा तपासणारं सरकारी खातं, १९९२ पासूनचं. वर्षानुवर्षं ते शाळेला एका शब्दात तोलत असे : उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. जानेवारी २०२३ मध्ये रीडिंगच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आयुष्य संपवलं. त्यात तपासणीचा वाटा होता असं त्याच वर्षी डिसेंबरात अधिकृत चौकशीत नोंदलं गेलं. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी तो एकशब्दी शेरा बंद झाला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या मुद्द्यांवर स्वतंत्र मूल्यमापन असलेलं प्रगतिपुस्तक आलं. तरी अजूनही लोक मला विचारतात, "म्हणजे थोडक्यात, आउटस्टँडिंग आहे का?" पूर्ण अहवाल चार-पाच पानांचा तर असतो. वाचा ना तो!

त्यापेक्षा शाळा चालू असताना या. मी फेरफटका मारताना सगळ्यांना वर्गात थोडा वेळ गप्प उभं करते. भिंतींवर काय लावलंय बघा. छापील तक्ते आहेत, की मुलांच्या हातचं, चुका असलेलं, वाकडंतिकडं लिहिलेलं काही आहे? एखादं मूल अडलं तर मदतनीस बाई त्याचं उत्तर स्वतः देऊन मोकळी होते का थांबते? मुख्याध्यापिका व्हरांड्यातून जाताना मुलांना नावाने हाक मारतात का? मुलांची स्वच्छतागृहं बघायला मागा. कुणी मागत नाही, पण मागा. जेवणाची वेळ असेल तर उत्तमच. (रिसेप्शन ते दुसरीपर्यंत सगळ्या मुलांना शाळेचं जेवण मोफत असतं, २०१४ पासून. शाकाहारीही असतं. फार चवीची अपेक्षा ठेवू नका.)

आणि प्रश्न विचारायचाच तर हा विचारा : इंग्रजी अजिबात न येणारं मूल ऐन वर्षाच्या मध्ये आलं, तर पहिल्या आठवड्यात तुम्ही काय करता? ज्या शाळेकडे याचं तपशीलवार उत्तर आहे, तिच्याकडे बाकीच्या बऱ्याच गोष्टींचीही उत्तरं असतात. आपल्याकडचे बाबालोक मात्र "इथून किती मुलं ग्रामर स्कूलला जातात?" हे विचारतात. चार वर्षांच्या मुलासाठी! ते मूल त्या वेळी कोपऱ्यातल्या वाळूत डायनासोर पुरत असतं.

सगळं गोड आहे असं नाही. गव्हर्नर मंडळावर बसून शाळेचा हिशेब बघितला की झोप उडते. पैसे मुलांच्या डोक्यांवर मिळतात. जन्म कमी झाल्याने लंडनसह बऱ्याच भागांत वर्ग भरत नाहीत, आणि वर्गात चोवीस मुलं असली तरी शिक्षक एक लागतोच. मग कात्री लागते ती मदतनिसांवर. विशेष गरजा असलेल्या मुलांचा आराखडा तयार व्हायला कायद्याने वीस आठवडे दिलेत, प्रत्यक्षात अनेकांना त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि तोवर वर्गातल्या बाईचीच कसरत. तुमच्या मुलाला तशी गरज असेल तर शाळेतल्या 'सेन्को'ला, म्हणजे विशेष गरजांचं काम बघणाऱ्या शिक्षकाला, अर्ज भरण्याआधी भेटा.

दुसरी गोष्ट मला खरोखर खुपते. शाळा मुलं निवडत नाही, पण अंतराचा निकष असल्यामुळे घराची किंमत निवडते. चांगलं नाव असलेल्या शाळेभोवतीची घरं महाग होतात, आणि इस्टेट एजंट जाहिरातीत शाळेचं नाव आधी लिहितो, खोल्या नंतर. फी नाही म्हणता म्हणता ती अशी घराच्या हप्त्यातून जाते. माझी बहीणही महिना चारशे पौंड जास्त भाड्याचं घर बघत होती, फक्त एका शाळेसाठी, जी तिने बघितलेलीसुद्धा नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं, ते पैसे वाचव, आणि घर घेशील तिथून चालत जाता येईल अशा दोन-तीन शाळा बघून ये. चालत जाणं ही छोटी गोष्ट नाही. दुपारी सव्वातीनला फाटकाशी जी ओळख होते, त्यावर पुढची सात वर्षं निघतात. मूल तापलं, ट्रेन चुकली, की तिथलंच कुणीतरी त्याला घरी नेतं. माझ्या अडीअडचणीला धावून आलेली पहिली बाई पोलिश होती, आणि आम्हा दोघींचं इंग्रजी तेव्हा सारखंच धन्य होतं :)

आता व्यवहाराचं. प्राथमिकसाठी अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिल. अर्ज शाळेकडे नाही, तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे. निदान तीन शाळांची नावं देता येतात, लंडनमध्ये सहा, सगळी भरा. एकच नाव लिहिलं म्हणजे तीच मिळेल हा समज चुकीचा आहे, तुमचा पसंतीक्रम शाळेला प्रवेश देताना विचारात घेताच येत नाही. वर्षाच्या मध्ये आलात तरी अर्ज करता येतो, जिथे जागा असेल तिथे मिळते. वर्क व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही सरकारी शाळेचा हक्क आहे. व्हिसावर सरकारी मदत मिळणार नाही असं लिहिलेलं असतं त्यात शाळा येत नाही. घराच्या पत्त्याचा पुरावा मात्र लागतो, तेव्हा भाडेकरार जपून ठेवा.

गणवेशाचं बहिणीने कालच विचारलं. करड्या पँटी आणि पांढरे पोलो शर्ट सुपरमार्केटमध्ये मिळतात. शाळेचं चिन्ह असलेलं जम्पर नवीन घेऊ नकोस, पालकांच्या जुन्या कपड्यांच्या टेबलावर मी एक बाजूला काढून ठेवलंय. बाह्या जरा लांब आहेत, पण मार्चपर्यंत बरोबर होतील.